वेग की चिलखत? – हलक्या रणगाड्यांची कहाणी

विद्यार्थिमित्रांनो, आषाढात डिंभ्याच्या किंवा भीमाशंकरच्या बाजूला गेलात, तर भातखाचरांतून एक गंमत दिसते. चिखलणी चाललेली असते. बैलांचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात. एखादी भरलेली ट्रॉली बांधावरून चुकून खाचरात उतरली, तर तिची चाके जागच्या जागी फिरतात आणि ट्रॉली अधिकच खोल बसते. मग कोणीतरी पोकलेन बोलावतो. वीस टनांचे ते धूड खडखडत येते, चिखलात उतरते, ट्रॉली ओढून काढते आणि आल्या वाटेने निघूनही जाते. बैल चारशे किलोचा, तो रुततो. पोकलेन त्याच्या पन्नासपट जड, ते रुतत नाही. असे का?

या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट कळले, त्याला रणगाड्याचे निम्मे शास्त्र कळले. राहिलेले निम्मे आपण या लेखात पाहू. पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले आणि दुसरे १९३९ मध्ये सुरू झाले. मधल्या एकवीस वर्षांत जगातल्या अनेक अभियंत्यांनी एकच कोडे सोडवण्याचा प्रयत्न केला. घोड्यासारखा पळणारा आणि तरीही गोळीला दाद न देणारा रणगाडा कसा करायचा? या कहाणीचा एक धागा आपल्या जिल्ह्याच्या अगदी शेजारी, अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) येऊन पोचतो. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना तर तो धागा हाताने चाचपून पाहता येईल, कारण आळेफाट्यावरून बेल्ह्याच्या रस्त्याने निघाले की हा रस्ता सरळ नगरलाच जातो.

वजन नव्हे, दाब

जमिनीत रुतणे हे वजनावर अवलंबून नसते, दाबावर असते. दाब म्हणजे वजन भागिले टेकलेले क्षेत्रफळ.

प्रथम स्वतःचाच दाब काढा. समजा, तुमचे वजन ५० किलो आहे आणि एका पावलाचे क्षेत्रफळ १३० चौ. सें.मी. आहे. दोन्ही पायांवर उभे राहिलात, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.१९ किलो भार पडेल. चालताना एकच पाय टेकलेला असतो, म्हणून तो ०.३८ किलो होईल.

आता बैल घ्या. वजन ४०० किलो, एका खुराचे क्षेत्रफळ ८० चौ. सें.मी. धरू. चारही खुरांवर मिळून ३२० चौ. सें.मी. होतात. दाब झाला १.२५ किलो. रबरी टायरच्या ट्रॉलीचा हिशेब आणखी सोपा आहे. टायरमध्ये हवेचा जितका दाब भरलेला असतो, जवळपास तितकाच दाब तो टायर जमिनीवर देतो. म्हणजे तीन-चार किलो सहज.

आणि पोकलेन? त्याचे दोन लोखंडी पट्टे जमिनीला टेकलेले असतात. प्रत्येक पट्टा ६० सें.मी. रुंद आणि साडेतीन मीटर लांब टेकतो असे धरू. दोन्ही पट्ट्यांचे क्षेत्रफळ ४२,००० चौ. सें.मी. झाले. वजन २०,००० किलो. दाब आला अर्ध्या किलोहूनही थोडा कमी! म्हणजे वीस टनांचे यंत्र चिखलावर जवळजवळ तुमच्या एका पावलाइतक्याच हलक्या पायाने उभे असते.

ही युक्ती मुळात युद्धासाठी निघालीच नव्हती, शेतीसाठी निघाली होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात नदीच्या मुखाजवळची जमीन इतकी भुसभुशीत असे की वाफेचे जड ट्रॅक्टर तिच्यात बुडत. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने १९०४ मध्ये चाकांऐवजी ट्रॅक्टरला पट्टे बसवून पाहिले आणि ट्रॅक्टर चालू लागला. रणगाड्याचे पाय हे असे शेतातून आले आहेत.

पहिला रणगाडा : भिंत, पण सरपटणारी

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये समोरासमोर खंदक खणले गेले. मध्ये काटेरी तारा आणि दोन्ही बाजूंना मशीनगन. जो बाहेर डोके काढील तो मरे. ही कोंडी फोडण्यासाठी ब्रिटिशांनी १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या लढाईत प्रथम रणगाडे आणले. त्या पहिल्या रणगाड्याचे, ‘मार्क १’चे, वजन २८ टन. एंजिन १०५ अश्वशक्तीचे. आत आठ माणसे. आणि वेग? ताशी सुमारे ६ किलोमीटर! म्हणजे दप्तर पाठीला लावून शाळेला उशीर झालेला मुलगा त्याला मागे टाकील.

तारा तुडवायला आणि खंदक ओलांडायला हा वेग पुरेसा होता. पण फळी फुटल्यावर पुढे काय? शत्रू मागे हटतो, नवी फळी उभारतो आणि रणगाडा तिथवर पोचेपर्यंत सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. खिंडार पाडणे हे एक काम झाले. त्या खिंडारातून वेगाने आत घुसणे, शत्रूची रसद तोडणे, बातमी आणणे ही दुसरी कामे. ही दुसरी कामे जगात सगळीकडे शतकानुशतके घोडदळ करीत आले होते.

जुन्नरकरांना हे सांगायला नको. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी काही काळ जुन्नरलाच राजधानी हलवली होती. मोगलांच्या जड फौजांशी त्याने जी झुंज दिली ती मराठी स्वारांच्या हलक्या, चपळ तुकड्यांच्या बळावर. पुढे शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नरवर रात्री अचानक छापा घातला, तेव्हा तिथून होनांबरोबर दोनशे घोडेही नेले. पैशाइतकेच मोल घोड्याला होते, कारण घोडा म्हणजे वेग.

पण मशीनगनपुढे घोड्याचे काही चालेना. मिनिटाला शेकडो गोळ्या झाडणाऱ्या यंत्रासमोर घोड्याचा वेग अपुरा आणि कातडी तर फारच पातळ. तेव्हा १९१८ नंतर प्रश्न असा उभा राहिला, की घोड्याच्या जागी चालेल असे यंत्र कोणते?

पत्र्याचा हिशेब

सोपे उत्तर सुचते. एंजिन मोठे बसवा, पत्रा जाड लावा, तोफ मोठी ठेवा! पण निसर्ग असा उदार नाही. एक हिशेब करू.

समजा, आपला रणगाडा म्हणजे ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच अशी लोखंडी पेटी आहे. तिच्या सहा बाजूंचे एकूण क्षेत्रफळ किती? ८, ६ आणि ३ यांची बेरीज १७, तिची दुप्पट ३४ चौ. मीटर. पोलादाचा एक घनमीटर सुमारे ७.८ टन भरतो. म्हणून एक चौरस मीटरचा १० मि.मी. जाड पत्रा ७८ किलो भरेल. सगळी पेटी अशा पत्र्याची केली, तर नुसता पत्राच झाला २,६५० किलो. पत्रा १४ मि.मी. केला, तर ३.७ टन. आणि ३० मि.मी. केला, तर जवळजवळ ८ टन!

यात अजून एंजिन नाही, पट्टे नाहीत, तोफ नाही, माणसे नाहीत. पत्रा जाड केला की वजन वाढते, वजन वाढले की मोठे एंजिन लागते. मोठे एंजिन मावण्यासाठी पेटी मोठी करावी लागते, पेटी मोठी झाली की पुन्हा पत्रा जास्त लागतो. हे चक्र कुठेतरी थांबवावेच लागते. चिलखत, तोफ आणि वेग या तिघांपैकी एकाला भरभरून दिले, की दुसऱ्या दोघांच्या ताटातले काढून घ्यावे लागते. अर्थात खऱ्या रणगाड्यात सगळीकडे सारखा पत्रा नसतो. समोर जाड, मागे, वर आणि खाली पातळ असतो. पण ओढाताण तीच.

आता १४ मि.मी. हा आकडा लक्षात ठेवा. चांगल्या पोलादाचा एवढा पत्रा बंदुकीची आणि मशीनगनची साधी गोळी अडवतो. या आकड्याभोवतीच पुढची सारी कथा फिरते.

स्वस्त आणि चपळ

फ्रान्सच्या रेनो कारखान्याने १९१७ मध्येच एक छोटा रणगाडा केला होता. वजन साडेसहा टन, दोन माणसे, मागे एंजिन आणि वर सर्व बाजूंना फिरणारा बुरूज. आजचा जवळजवळ प्रत्येक रणगाडा याच मांडणीचा असतो. पण तोही ताशी सात-आठ किलोमीटरच चाले.

युद्ध संपले, तिजोऱ्या रिकाम्या झाल्या. ब्रिटनमध्ये जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड या दोघांनी १९२० च्या दशकात एक चिमुकली पट्ट्यांची गाडी बनवली. वजन केवळ दीड टन, आत दोन माणसे, फोर्ड मोटारीचे साधे एंजिन आणि ताशी सुमारे ४० किलोमीटर वेग. ती इतकी स्वस्त होती की देशोदेशी तिच्या नकला झाल्या. व्हिकर्स कंपनीने १९२८ मध्ये या दोघांचा उद्योगच विकत घेतला आणि तिथून हलक्या रणगाड्यांची मालिका निघाली. तिचे शेवटचे प्रसिद्ध अपत्य म्हणजे १९३६ चा ‘मार्क ६’. पाच टन, तीन माणसे, दोन मशीनगन, ताशी ५६ किलोमीटर. आणि चिलखत जास्तीत जास्त १४ मि.मी.!

वेग कशाने वाढला हे पाहायचे असेल, तर एंजिनाची अश्वशक्ती टनांनी भागा. खालचे आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

मार्क १ (१९१६) : २८ टन, १०५ अश्वशक्ती. टनामागे ४. वेग ताशी ६ कि.मी.
रेनो (१९१७) : ६.५ टन, ३५ अश्वशक्ती. टनामागे ५. वेग ७-८ कि.मी.
व्हिकर्स मार्क ६ (१९३६) : ५ टन, ८८ अश्वशक्ती. टनामागे १७. वेग ५६ कि.मी.
जपानी हा-गो (१९३५) : ७.४ टन, १२० अश्वशक्ती. टनामागे १६. वेग ४५ कि.मी.
रशियन बीटी-७ (१९३५) : १४ टन, ४५० अश्वशक्ती. टनामागे ३२. वेग पट्ट्यांवर ५२ कि.मी.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. बीटी-७ ची टनामागची शक्ती मार्क ६ च्या जवळजवळ दुप्पट आहे, पण पट्ट्यांवरचा वेग मात्र दुप्पट नाही. मग एवढ्या शक्तीचा उपयोग काय? चढ! माळशेज घाटासारखा रस्ता सोडून डोंगराच्या उतारावरून पाच टनांचा रणगाडा वर न्यायचा आहे असे समजा. पाच मीटर पुढे गेले की एक मीटर वर, एवढा तो चढ. ताशी १० किलोमीटरने चढायचे म्हटले, तर नुसते वजन वर उचलण्यासाठीच ३६ अश्वशक्ती लागतात. मातीशी होणारे घर्षण आणि पट्ट्यांत वाया जाणारी शक्ती वेगळीच. सपाट रस्त्यावर शक्तीची चैन वाटते, चढावर ती गरज ठरते.

हिसका : वेगाचा खरा शत्रू

आता दुसरी अडचण. एंजिन जोरदार आहे, पण शेतातून, नांगरटीतून ताशी चाळीस किलोमीटरने जाता येईल का? बैलगाडीतून ढेकळांवरून गेला असाल, तर उत्तर तुमच्या कंबरेलाच ठाऊक आहे. पहिल्या रणगाड्याला बैलगाडीप्रमाणेच स्प्रिंगा नव्हत्या.

समजा, वाटेत वीतभर उंचवटा आहे. गाडीचा वेग दुप्पट केला, तर चाकाला तो उंचवटा निम्म्या वेळात चढावा लागतो. म्हणजे चाक वर जाण्याचा वेग दुप्पट झाला आणि तो दुप्पट वेग निम्म्याच वेळात गाठायचा आहे. म्हणून बसणारा हिसका चौपट होतो. तिप्पट वेगाला नऊपट! आत बसलेल्या माणसाचे डोके पोलादावर आपटते, नेम धरणे तर दूरच. मोकळ्या रानात रणगाड्याचा वेग एंजिन ठरवीत नाही, हिसका ठरवतो.

यावर उपाय काढला अमेरिकेच्या जे. वॉल्टर ख्रिस्टी या हट्टी अभियंत्याने. त्याने १९२८ मध्ये जो रणगाडा दाखवला त्याची चाके मोठी होती आणि प्रत्येक चाकाला स्वतःची स्वतंत्र, लांब स्प्रिंग होती. चाक वीतभराहून अधिक वर-खाली होऊ शके, आणि तेवढ्यात पेटी मात्र जवळजवळ स्थिर राही. विमानाचे ३३८ अश्वशक्तीचे एंजिन त्याने सुमारे आठ टनांच्या गाडीत बसवले. पट्ट्यांवर ही गाडी ताशी ६८ किलोमीटर पळाली. पट्टे काढून नुसत्या चाकांवर रस्त्याने सोडली, तर ताशी १०० किलोमीटरच्याही वर गेली. त्या काळी पट्टे लवकर झिजत, म्हणून रस्त्याने चाकांवर आणि रानात पट्ट्यांवर अशी ही दुहेरी सोय होती.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. लांब स्प्रिंगा मावण्यासाठी गाडीच्या कुशी दुहेरी कराव्या लागल्या आणि आतली जागा घटली.

अमेरिकी सैन्याशी ख्रिस्टीचे फारसे जमले नाही. सोव्हिएत रशियाने मात्र त्याचे दोन रणगाडे विकत घेतले. ते बुरूज काढून आणि कागदोपत्री शेतीचे ट्रॅक्टर म्हणून रवाना झाले! शेतातून निघालेले यंत्र असे पुन्हा शेतीच्याच नावाने प्रवासाला निघाले. त्यांच्यावरून खार्कोव्हच्या आगगाडी एंजिनांच्या कारखान्यात बीटी जातीचे वेगवान रणगाडे तयार झाले. रशियाचे हे रणगाडे १९३६ च्या लष्करी कवायतींत पाहून ब्रिटिशांनीही ख्रिस्टीकडून एक गाडी विकत घेतली.

नगर आणि घोडदळाचा शेवट

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात, ब्रिटिशांनी अहमदनगर हे चिलखती गाड्यांच्या शिक्षणाचे ठिकाण केले. कोरडी हवा, मोकळे माळरान, जवळ आगगाडी. रणगाडे शिकवायला आणखी काय हवे? स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये याच शहरात भारतीय सैन्याचे आर्मर्ड कोअर केंद्र व शाळा आकाराला आली आणि आजही भारतीय रणगाडादळाचे जवान नगरलाच घडतात.

हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारला हलका रणगाडा फार पसंत पडला. कारण उघड होते. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांजवळ बंदुका होत्या, तोफा नव्हत्या. त्यांच्या गोळीला १४ मि.मी. पत्रा पुरेसा होता. मोहमंद टोळ्यांविरुद्धच्या १९३५ च्या मोहिमेत इथल्या सैन्याने हलके रणगाडे प्रथमच लढाईत उतरवले. घोडदळाची पाळी १९३८ मध्ये आली. सिंद हॉर्स या रिसाल्याने त्या वर्षी घोडे सोडून यंत्रे घेतली. त्याची आठवण म्हणून १ मे हा दिवस भारतीय रणगाडादळ आजही ‘आर्मर दिन’ म्हणून पाळते. सोबत वाढलेला घोडा सोडून तेलाच्या वासाच्या लोखंडी पेटीत बसताना त्या स्वारांना काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहा.

पत्रा अपुरा पडतो

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायला हवा. यंत्र चांगले आहे, पण कोणासमोर? ज्या पत्र्याची परीक्षा फक्त बंदुकीने घेतली, तो तोफेसमोर टिकेल हे कशावरून?

उत्तर लवकरच मिळाले. लहान, चाकांवर ओढता येणारी ३७ मि.मी.ची रणगाडाविरोधी तोफ तोवर निघाली होती. तिचा गोळा काही शे मीटरवरून २५-३० मि.मी.चे पोलाद भेदत असे. १९३६ ते १९३९ च्या स्पेनमधील यादवी युद्धात हे दिसून आले. मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल येथे १९३९ च्या उन्हाळ्यात रशिया आणि जपान लढले. तिथे बीटी रणगाड्यांच्या वेगामुळेच रशियनांना जपानी सैन्याला वेढा घालता आला. पण पातळ चिलखत आणि आत पेट्रोल, यामुळे त्यांचे कितीतरी रणगाडे पेटले. फ्रान्समध्ये १९४० साली ब्रिटिशांचे बहुसंख्य रणगाडे मार्क ६ जातीचे होते. जर्मन तोफांपुढे त्यांचा निभाव लागला नाही.

मित्रांनो, आपण मिलिमीटर आणि टन मोजतो, तेव्हा त्या पेटीत तीन माणसे बसलेली आहेत हे विसरायचे नसते. कारखान्यात वाचवलेल्या दहा मि.मी. पत्र्याची किंमत रणांगणावर त्यांनी दिली.

पण थांबा. जर्मनांचेही कितीतरी रणगाडे १९४० मध्ये हलकेच होते आणि अनेक फ्रेंच रणगाड्यांचे चिलखत त्यांच्याहून जाड होते. मग जर्मन जिंकले कसे? त्यांच्या रणगाड्यांत बिनतारी यंत्रे होती, ते एकमेकांशी बोलत आणि विमानांशी मिळून लढत. शिवाय कित्येक फ्रेंच बुरुजांत एकच माणूस बसे. त्यानेच पाहायचे, त्यानेच तोफ भरायची, त्यानेच नेम धरायचा आणि त्यानेच हुकूमही द्यायचे. म्हणजे चिलखत, तोफ आणि वेग यांच्या जोडीला एक चौथी गोष्ट आहे : आतल्या माणसाला विचार करायला मिळणारी उसंत.

आणि ‘कोणासमोर’ या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्याच जवानांनी अनुभवली. मलायात, रबराच्या झाडीत रणगाडे चालणार नाहीत, असे ब्रिटिश तज्ज्ञांनी गृहीत धरले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी हलके आणि मध्यम रणगाडे तिथल्याच रस्त्यांवरून आणले. समोरच्या हिंदी पलटणींतल्या अनेक जवानांनी तोवर रणगाडा डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. स्लिम नदीकाठी ७ जानेवारी १९४२ रोजी जेमतेम तीसेक जपानी रणगाड्यांनी फळी फोडली. युरोपात जुनाट ठरू लागलेले यंत्र तिथे निर्णायक ठरले, कारण समोर त्याला उत्तर नव्हते.

जोजिला ते जोरावर

मग हलका रणगाडा संपला का? तसे नाही. ख्रिस्टीची चाके आणि स्प्रिंगा घेऊन, चिलखत जाड व तिरके करून, पेट्रोलऐवजी डिझेल एंजिन बसवून रशियनांनी १९४० मध्ये टी-३४ हा प्रख्यात मध्यम रणगाडा बनवला. चाकांवर पळण्याची जुनी हौस त्यांनी सोडून दिली. बीटीने आगीत शिकलेला धडा त्यात होता.

आपल्या देशात तर हलक्या रणगाड्याने इतिहास घडवला. १९४८ साली लडाखची वाट जोजिला खिंडीत अडली होती. पायदळाचे हल्ले फसले. तेव्हा जनरल थिमय्या यांच्या योजनेप्रमाणे ७ व्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे बुरूज काढून, झाकून, गुपचूप नेण्यात आले. सफरमैनांनी त्यांच्यासाठी वाट फोडली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी साडेअकरा हजार फुटांच्या आसपास हे रणगाडे बर्फातून पुढे आले आणि खिंड मोकळी झाली. युरोपच्या मैदानात तोवर मागे पडलेले हे यंत्र इथे उपयोगी पडले, कारण इतक्या उंचीवर जड रणगाडा पोचलाच नसता आणि शत्रूने रणगाड्याची अपेक्षाच केली नव्हती. पुढे १९६२ मध्ये एएमएक्स-१३ जातीचे, सुमारे १५ टनांचे रणगाडे विमानातून लडाखमध्ये चुशूलला उतरवले गेले. जड रणगाडा तसा नेता आला नसता.

हाच विचार आज पुन्हा पुढे आला आहे. लडाखच्या पठारावर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने तीन-पंचमांशच्या आसपास असतो. एंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, शक्ती घटते. म्हणून टनामागची अश्वशक्ती तिथे फार मोलाची ठरते. भारतीय संरक्षण संशोधन संस्थेने खासगी कारखान्याच्या साहाय्याने ‘जोरावर’ हा २५ टनांचा हलका रणगाडा तयार केला. तो २०२४ मध्ये प्रथम दाखवण्यात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर त्याच्या तोफेची चाचणी झाली. पंचवीस टन ‘हलका’ कसा? शंभर वर्षांत बाकीचे रणगाडे चाळीस ते साठ टनांवर गेले, म्हणून!

करून पाहा

एक. ओल्या वाळूवर एक वीट आडवी ठेवा, मग उभी ठेवा. दोन्ही खुणांची खोली पट्टीने मोजा. विटेच्या बाजू मोजून दोन्ही वेळचा दाब काढा. वीट तीच, वजन तेच, मग फरक कशाचा?

दोन. आलेख कागदावर स्वतःचे पाऊल रेखाटा, चौकोन मोजा आणि आपला दाब काढा. शेजारच्या ट्रॅक्टरच्या टायरमधील हवेच्या दाबाशी तो ताडून पाहा.

तीन. पुठ्ठ्याची एक पेटी करा आणि दुसरी प्रत्येक बाजूने दुप्पट करा. पुठ्ठा किती पट लागला? आतली जागा किती पट वाढली? पहिले उत्तर चार येईल, दुसरे आठ. रणगाडा बनवणाऱ्याला यातून कोणता मोह पडत असेल आणि त्या मोहात कोणता धोका आहे, यावर वर्गात चर्चा करा.

शिक्षकांना एक विनंती. सहल नगरला गेली, तर तिथल्या रणगाडा संग्रहालयात मुलांना जरूर न्या. ते १९९४ मध्ये सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून पुढची यंत्रे तिथे ओळीने उभी आहेत. त्यांत जपानी हा-गो हा हलका रणगाडाही आहे. त्याच्याजवळ मुलांना थोडा वेळ उभे राहू द्या. सगळ्यात मोठी तोफ कोणती, एवढेच विचारून पुढे जाऊ नका. हा-गोचा बुरूज केवढा आहे, त्यात माणसे किती मावतील, पत्रा किती जाड असेल, पट्टा किती रुंद आहे आणि हे यंत्र कोणत्या जमिनीवर, कोणासमोर उभे राहण्यासाठी बनवले असेल, हे त्यांना पाहू द्या, मोजू द्या. बांधलेल्या प्रत्येक यंत्रात कोणीतरी काहीतरी निवडलेले असते आणि काहीतरी सोडून दिलेले असते. काय सोडले, हे ज्याला दिसू लागले, त्याची नजर अभियंत्याची झाली असे समजा.